रोग होण्यापूर्वींची शस्त्रक्रिया



हंसत्या-खेळत्या, निरोगी मुलाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजवावें व त्याच्या गळ्यांतील एक सबंध ग्रंथि काढून टाकावी, असें कोणी सुचविलें तर कोणत्याहि आईबापांच्या अंगावर कांटा उभा राहील. आधीं रोग, मग उपाय, हा आपला नेहमींचा क्रम. परंतु एका रोगाच्या बाबतींत हा क्रम उलटा करणेंच शहाणपणाचें ठरतें. मी पेशानें शिक्षक, डॉक्टर नव्हें. तेव्हां विषय साध्या शब्दांतच मांडणार आहें.

थायरॉईड ही श्वासनलिकेला बिलगून असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथि. शरीराची वाढ व ऊब राखणारा थायरॉक्सिन नांवाचा स्राव ती रक्तांत सोडते. याशिवाय तिच्यांत ‘सी’ नांवाच्या कांहीं निराळ्या पेशी असतात. त्या कॅल्सिटोनिन नांवाचा दुसरा स्राव निर्माण करतात. या पेशींपासून उद्भवणारा तो मेड्युलरी कर्करोग. हा रोग विरळा. पण तो झालेल्यांपैकीं सुमारें चौथ्या हिश्श्याच्या लोकांत तो वारशानें आलेला असतो.

या वारशाचें मूळ १९९३ सालीं सांपडलें. दहाव्या गुणसूत्रावर ‘रेट’ नांवाचें एक जनुक आहे. पेशींना वाढण्याची आज्ञा प्रसंगानुसार पोंचविणें हें त्याचें काम. त्यांत बहुधा एकाच अक्षराचा फेर पडतो, आणि शाळेची विजेची घंटा अडकून सारखी वाजत राहावी, तशी ती आज्ञा थांबतच नाहीं. आई किंवा बाप यांपैकीं एकांत हा दोष असला, तर प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याचा संभव निम्मा. पहिल्याकडे गेला म्हणून दुसरें सुटलें असें नाहीं. मुलगा-मुलगी हा भेदहि नाहीं.

पूर्वीं अशा घरांतील सर्वच मुलांच्या रक्ताची तपासणी वर्षानुवर्षें करावी लागे. आतां घराण्यांतील दोष एकदां ओळखला, कीं प्रत्येक मुलाच्या रक्ताच्या एकाच तपासणीनें निकाल लागतो. ज्याच्याकडे दोष गेला नाहीं, तें मूल या धास्तींतून कायमचें मोकळें. त्याच्यापासून पुढच्या पिढीलाहि हा वारसा जात नाहीं.

ज्याच्याकडे दोष गेला आहे, त्याच्या बाबतींत गांठ दिसेपर्यंत थांबण्यास काय हरकत? हरकत ही, कीं गांठ हाताला लागते तोंवर रोग पुष्कळदां मानेंतील इतर ग्रंथींपर्यंत पसरलेला असतो. थायरॉईडच्या नेहमींच्या कर्करोगांत उपयोगी पडणारें किरणोत्सर्गी आयोडीनहि येथें निरुपयोगी. कारण ‘सी’ पेशी आयोडीन शोषीतच नाहींत. अमेरिकेंत रोगाआधीं शस्त्रक्रिया केलेल्या, १९ वर्षें वा त्याहून लहान वयाच्या ५० जणांची पांच किंवा अधिक वर्षांनीं तपासणी झाली. २००५ सालच्या वृत्तांताप्रमाणें त्यांपैकीं ४४ जणांत रोगाचा मागमूस नव्हता.

वेळ मात्र अक्षर कोठें बदललें आहे त्यावर ठरते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणें अत्यंत घातक दोषांत पहिल्या वर्षांतच, त्याखालोखालच्या दोषांत पांचव्या वर्षापर्यंत शस्त्रक्रिया करावी. सौम्य दोषांत कॅल्सिटोनिनचें प्रमाण तपासत राहून आईबापांच्या विचारानें ठरवावें.

ग्रंथीवांचून मूल वाढेल कसें, ही शंका रास्त आहे. १८८३ सालीं स्विस शल्यवैद्य थिओडोर कोखर यांनीं आपल्याच रोग्यांविषयीं नमूद केलें, कीं सबंध ग्रंथि काढलेल्यांची बुद्धि मंदावते व मुलांची वाढ खुंटते. १९१४ सालीं केंडॉल यांनीं थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें आणि मार्ग खुला झाला. आज रोज सकाळीं अनशापोटीं घेतलेली एक गोळी ग्रंथीची उणीव भरून काढते. गोळी जन्मभर घ्यावी लागते, व वयाप्रमाणें तिची मात्रा बदलावी लागते.

धोके नाहींत असें नव्हे. थायरॉईडच्या मागें दाण्याएवढ्या चार ग्रंथि असतात. त्या दुखावल्या तर रक्तांतील कॅल्शियम घटतें. शेजारच्या नाजूक मज्जातंतूंस इजा झाली तर आवाज बसतो. म्हणून या कामांत मुरलेल्या शल्यवैद्याकडेच जावें. शिवाय या वारशांत मूत्रपिंडांवरील ग्रंथींतहि गांठी होऊं शकतात. तेव्हां पुढील तपासणी सोडूं नये.

राहतां राहिला सर्वांत अवघड भाग. मुलाची संमति घेतां येत नाहीं. निर्णय आईबापांसच घ्यावा लागतो. त्यांतच “माझ्यामुळें हें झालें” हा सल एकाच्या मनाला लागतो. पण वारसा कोणी निवडून देत नाहीं. आपल्याकडे मात्र मुलींचीं लग्नें अडतील या भीतीनें घरचा आजार भावंडांपासूनहि झांकून ठेवण्याची रीत आहे. या रोगांत ती रीत घातक होय. घरांत कोणास हा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना तो मेड्युलरी आहे काय हें विचारावें, आणि असल्यास बहीण-भावांना व चुलत-मावस आप्तांना निःसंकोच कळवावें. तें एक पत्र एखाद्या बालकाचा जीव वांचवील.