बेकरीच्या आयात मालाचे शुल्कवर्गीकरण

परदेशी यीस्ट, माल्ट, ग्लुटेन व केकची तयार मिश्रणे आदिलाबादच्या पेठेत थेट उतरत नाहीत. ती मुंबई वा हैदराबादच्या आयातदारांकडून येतात. तथापि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या बिलावरही सीमाशुल्कसूचीवर आधारलेलेच क्रमांक घातले जातात. यास्तव या सूचीची तोंडओळख आमच्या व्यापारीबंधूंस अगत्याची झाली आहे. निजामी राजवटीत करोडगिरीच्या नाक्यावर माल अडवून जकात घेत; आज मालाचा क्रमांकच त्याची जकात ठरवितो.

ही पद्धत १ जानेवारी १९८८ रोजी जगात अंमलात आली. पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत समान असतात. भारतात आठ अंक वापरतात. पहिले दोन अंक प्रकरणाचे, पहिले चार शीर्षकाचे होत.

गव्हाचे पीठ ११०१ मध्ये येते. मात्र कोरड्या वजनावर त्यात ४५ टक्क्यांहून अधिक स्टार्च हवा व राख २.५ टक्क्यांहून अधिक नसावी. ही कसोटी न उतरल्यास तो माल कोंड्याच्या २३०२ मध्ये जातो. ग्लुटेन ११०९, माल्ट ११०७. परंतु माल्टचा अर्क १९०१. खाण्याचा सोडा २८३६ या रासायनिक शीर्षकात येतो. त्याच सोड्यात आम्ल पदार्थ मिसळून बेकिंग पावडर केली की ती यीस्टशेजारी २१०२ मध्ये बसते. मैदा, साखर व बेकिंग पावडर यांचे केकसाठी तयार मिश्रण १९०१, आणि भाजून निघालेले बिस्किट १९०५.

वर्गीकरण व्यापारी नावावरून होत नाही. प्रथम शीर्षकाचे शब्द व प्रकरणाच्या टीपा पाहाव्यात. दोन शीर्षके लागू पडत असल्यास अधिक नेमके घ्यावे. तेही न जमल्यास मिश्रणास ज्या घटकाने मूळ गुण येतो त्यावरून ठरवावे. अखेरीस, क्रमाने शेवटचे शीर्षक घ्यावे.

२०११ पासून शुल्काची प्रथम आकारणी आयातदारानेच करावयाची असते. कमी भरलेल्या शुल्काची मागणी सामान्यतः दोन वर्षांपर्यंत, आणि लबाडी वा जाणूनबुजून माहिती दडविल्यास पाच वर्षांपर्यंत, व्याजासह करता येते. संशय असल्यास माल मागविण्यापूर्वीच सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करणे शहाणपणाचे.

आपल्या समाजास आणखी एक दक्षता हवी. अंड्याची भुकटी ०४०८, जिलेटिन ३५०३, डुकराची चरबी १५०१. सुटा माल असेल तर क्रमांकच सावध करतो. परंतु तयार मिश्रणात हेच पदार्थ १९०१ च्या आड दडू शकतात, कारण तो क्रमांक घटकांची नावे सांगत नाही. म्हणून बिलावर विसंबून न राहता वेष्टनावरील घटकांची यादी व शाकाहाराची हिरवी खूण अवश्य तपासावी.

उमास्वातींनी अस्तेयव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम व प्रतिरूपक व्यवहार यांची गणना केली आहे. राज्याचा कर चुकविणे आणि एका मालाच्या नावावर दुसरा खपविणे, हे दोन्ही दोष चुकीचा क्रमांक हेतुपुरस्सर लिहिणाऱ्यास एकदमच लागतात. बिलावरील क्रमांक हा आपल्या शब्दाचाच भाग होय, असे समजून तो लिहावा, ही आमची नम्र सूचना आहे.