दोन आदेश, एक खुर्ची

एप्रिल-मे हा महाबळेश्वरचा हंगाम. बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते, वेण्णा तलावावर नावेसाठी रांग लागते. याच दोन महिन्यांत सरकारी कचेऱ्यांत दुसरा हंगाम चालू असतो, बदल्यांचा. मुदत भरण्याआधीच एखाद्याच्या हाती आदेश पडला, की सहकारी चहा पिता पिता सुचवतात, ‘मॅटला जा.’

मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीने अशा न्यायाधिकरणांची सोय केली, 1985मध्ये कायदा झाला आणि 1991च्या जुलैत मॅट सुरू झाले. सातारा-सांगलीची प्रकरणे मुंबईच्या पीठाकडे जातात. नरिमन पॉइंटचे हे कार्यालय मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सरकारशी भांडायला सरकारच्याच दारावरून जावे लागते म्हणा ना! राज्य सेवेतला तलाठी किंवा वनरक्षक इथे येऊ शकतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला मात्र हे दार बंद.

न्यायिक सदस्याच्या जोडीला प्रशासकीय सदस्य असतो. सरकारची फाईल कशी फिरते, हे त्याने आतून पाहिलेले असते. मॅटचे खरे हत्यार म्हणजे ही फाईलच. 2005च्या बदली कायद्यानुसार मुदतपूर्व बदलीसाठी विशेष कारण लेखी नोंदवावे लागते आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. त्यामुळे माणूस महाबळेश्वरला हवा की जतला, या वादात न्यायाधिकरण सहसा शिरत नाही. टिपणीत कारण आहे का, आणि सही आदेशाआधीची आहे का, एवढे ते बघते. ‘प्रशासकीय कारणास्तव’ या गुळगुळीत शब्दांवर तिथे भागत नाही. सरकारची बाजू मांडणाऱ्या सादरकर्त्या अधिकाऱ्याची खरी दमछाक इथेच होते.

पदोन्नती, निलंबन, निवृत्तिवेतन, भरती हेही विषय मॅटपुढे येतात. 2022मध्ये पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय ठेवा, असे मॅटने सांगितले. सरकार उच्च न्यायालयात गेले आणि तिथेही कानउघाडणी झाली. उच्च न्यायालयाची ही पायरी 1997च्या एल. चंद्रकुमार निकालाने आली. त्याआधी मॅटवरून थेट सर्वोच्च न्यायालय गाठावे लागे.

बदलीचे प्रकरण मात्र निकालाने मिटतेच असे नाही. स्थगिती घेऊन माणूस घाट चढून परततो, तोवर त्याच्या जागी दुसरा रुजू झालेला असतो. खुर्ची एक, आदेश दोन. बाहेर जून लागलेला असतो आणि पाऊस अडवायला घरांना गवताच्या झड्या बांधायचे काम चालू असते.