कच्चं लिंबू आणि काका

धाकटं भावंड सोबत घेऊन खेळायला गेलेल्यांना ‘कच्चं लिंबू’ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. त्याला खेळात घ्यायचं, मनसोक्त पळू द्यायचं, पण ते बाद झालं तरी त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. लहानमोठ्यांना एकाच खेळात सामावून घेण्याची ही आपली जुनी रीत. खेळ सुरू होण्याआधीच ही सवलत सगळ्यांसमोर जाहीर होते, त्यामुळे कोणाला ती खटकत नाही.

कुस्तीत याहून बारीक व्यवस्था आहे. जत्रेच्या फडात जाणकार मंडळी वय, अंगलट आणि तयारी पाहून तोडीस तोड जोड लावतात. तालमीत मात्र विषम जोडही चालते. वस्तादाच्या देखरेखीखाली थोरला मल्ल धाकट्याला ‘खेळवतो’, म्हणजे आपली ताकद आवरून त्याला डाव करू देतो. सराव आणि सामना यांचे न्याय वेगळे असतात, हे तालमीने कधीच ओळखलं होतं.

संघटित स्पर्धांनी ही नजर नियमांत बांधली. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ साली औरंगाबादेत झाली. आज अशा स्पर्धांत पैलवान आधी वजनकाट्यावर उभा राहतो. कबड्डीत किशोर गटाला १६ आणि कुमार गटाला २० वर्षांची मर्यादा असते, शिवाय वजनाची अट. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, तर महिलांचं १२ बाय ८ मीटरचं. शरीरं सारखी नसतात, हे मैदानाच्या मापानेही मान्य केलं आहे.

पण कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावी रोजच्या सरावाला हे नियम कसे लावणार? कबड्डीच्या एका सराव सामन्याला चौदा जण लागतात. किशोर, कुमार आणि खुला असे तीन गट वेगळे खेळवायचे तर बेचाळीस हवेत. शेतीच्या हंगामात, परीक्षांच्या दिवसांत, कामासाठी तरुण शहरात गेलेले असताना इतके कुठून येणार? काटेकोर वयोगट पाळायचे तर अनेकदा खेळच बंद पडेल. म्हणून चौदा वर्षांचा मुलगा आणि चाळिशीतले काका एकाच मैदानावर उतरतात.

खरा अन्याय इथे सुरू होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. मुलगा मोठ्यांच्या पकडीत सापडून दुखावला, तर ‘खेळायचं तर सोसायला हवं’ असं ऐकतो. काकांना मात्र मानापोटी कोणी जोरात धरत नाही, आणि संघातली त्यांची जागाही कोणी मागत नाही. म्हणजे सवलत दोघांपैकी एकालाच मिळते, तीही न बोलता. काकांनाही यात सुख नसतं. आपल्याला धरत नाहीत की धरता येत नाही, हे त्यांना कधी कळत नाही.

जगभरच्या ज्येष्ठ ॲथलेटिक्समध्ये पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात. वयानुसार वेळेचं गुणांकन करण्याची पद्धतही तिथे रुळली आहे. साठीचा धावपटू विशीतल्याच्या मागे राहूनही गुणांत पुढे जाऊ शकतो. त्यात कोणाला दया वाटत नाही, कारण कोष्टक आधीच सर्वांपुढे असतं.

गावच्या मंडळाला कोष्टकाची गरज नाही. सरावात लहान चढाईपटूवर तिघांनी मिळून झेप घ्यायची नाही, थोरल्यांनी ताकद आवरायची, हे मैदानात उतरण्याआधी बोलून ठरवावं. स्पर्धेचा संघ मात्र खेळ पाहून निवडावा, त्यात ना वयाचा मान ना वयाची अडचण. चाळिशीपुढच्यांचा एखादा सामना सणाच्या दिवशी वेगळा ठेवावा. आणि मुलाची सवलत कधी संपते, हेही त्याला सांगावं. कच्च्या लिंबाला सगळ्यात मोठी ओढ असते ती आपल्यावर पहिल्यांदा राज्य येण्याची. तो दिवस त्याला मिळायलाच हवा.