उन्हाळा, बेसबॉल आणि शिकागो: उष्णतेचा दोष नेमका किती?

“गरम दिवशी चेंडू लांब जातो.” शिकागोतल्या कुठल्याही कब्सच्या चाहत्याला विचारा, तो हे ठामपणे सांगेल. त्यासाठी त्याला पीएचडी करावी लागत नाही. आमचं काम त्याच्या पुढच्या प्रश्नापासून सुरू होतं: किती लांब जातो? आणि तो उष्णतेमुळेच जातो हे कशावरून?

माझ्या संशोधनाचा विषय शहरातली उष्णता. बेसबॉलशी माझा संबंध आला तो आकड्यांमुळे. उष्णतेचा माणसांवर काय परिणाम होतो हे मोजायचं, तर एकच गोष्ट हजारो वेळा, वेगवेगळ्या तापमानात, त्याच नियमांनी घडलेली हवी आणि प्रत्येक वेळची नोंदही हवी. प्रयोगशाळेत हे अवघड आहे. पण अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, जवळजवळ रोज. आणि प्रत्येक चेंडूची नोंद होते.

बेसबॉल पाहत नसाल तर या लेखापुरत्या दोनच गोष्टी लक्षात ठेवा. पिचर चेंडू फेकतो, बॅटर मारतो. चेंडू हवेतूनच समोरच्या भिंतीपलीकडे गेला की होम रन, म्हणजे ढोबळमानाने आपला षटकार. आणि पिचरने टाकलेला चेंडू बॅटरच्या अंगाला लागला तर बॅटरला पहिला बेस फुकटात मिळतो. दुसरी गोष्ट पुढे कामाला येईल.

आधी मैदान पाहू

कब्सचं मैदान म्हणजे रिग्ली फील्ड. १९१४ साली बांधलेलं, आणि आजूबाजूला चक्क राहती घरं. रेड लाइनच्या ॲडिसन स्टेशनवर उतरलात की समोरच. आउटफिल्डची भिंत विटांची, तिच्यावर १९३७ साली लावलेली आयव्हीची वेल. धावफलकावरचे आकडे अजूनही माणसं हाताने बदलतात. संघ जिंकला की वर पांढरा झेंडा चढतो, त्यावर निळा डब्ल्यू. सामना न बघता नुसतं ट्रेनने जाणाऱ्यालाही निकाल कळतो. सगळं शहर मात्र कब्सचं नाही हं. तीच रेड लाइन दक्षिणेकडे व्हाइट सॉक्सच्या मैदानाशी जाते आणि तिकडे कब्सचं नाव काढलंत तर तुमची खैर नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की रिग्ली फील्डवर १९८८ पर्यंत दिवेच नव्हते. बाकी सगळ्या संघांची मैदानं १९४८ पर्यंत उजळली होती. इथे मात्र उन्हाळाभर भर दुपारी सामने, आणि आउटफिल्डमागच्या उघड्या बाकांवर ऊन खात बसलेले लोक. या बाकांना ब्लीचर्स म्हणतात, कारण उन्हाने फळ्यांचा रंग उडून त्या पांढुरक्या पडायच्या. म्हणजे बसायच्या जागेच्या नावातच ऊन आहे.

चेंडू लांब का जातो?

हवा तापली की विरळ होते. तापमान २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं, तर हवेची घनता साधारण ३.३ टक्क्यांनी घटते. तेवढा चेंडूला होणारा विरोध कमी. १२० मीटरच्या आसपास जाणारा फटका अशा वेळी दीड-दोन मीटर जास्त जातो. एवढंच? हो, एवढंच. पण भिंतीपाशी झेल की होम रन याचा फैसला कित्येकदा तेवढ्यावरच होतो.

दमट हवेबद्दल एक गंमत. “आज हवा जड आहे” असं आपण म्हणतो, पण दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका, म्हणून. जड वाटतं ते आपल्याला, कारण घाम वाळत नाही.

आता चाहत्याच्या अनुभवाकडे पुन्हा या. रिग्ली फील्डवर बॅटर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात उभा असतो आणि ईशान्येकडे मारतो. ईशान्येकडे, जेमतेम सव्वा-दीड किलोमीटरवर, मिशिगन तलाव. तलावावरून वारा आला तर तो गार असतो, आणि चेंडूला मागे ढकलतो. नैर्ऋत्येकडून, म्हणजे जमिनीवरून आला तर गरम असतो, आणि चेंडूला पुढे ढकलतो. म्हणजे या मैदानावर गरम दिवस आणि अनुकूल वारा बहुतेकदा जोडीनेच येतात. चाहत्याने पाहिलं ते खरंच आहे, पण त्यातलं उष्णतेचं किती आणि वाऱ्याचं किती, हे त्याला बाकावर बसून सांगता येणार नाही.

संशोधनात या गुंत्याला म्हणतात गोंधळकारी घटक: तिसरीच एखादी गोष्ट, जी कारणाशीही जोडलेली असते आणि परिणामाशीही. तो सोडवायचा कसा? २०२३ साली डार्टमथ कॉलेजच्या ख्रिस्तोफर कॅलहन (तेव्हा तेही पीएचडी करत होते) आणि सहकाऱ्यांनी सुमारे १ लाख सामने घेतले. शिवाय वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेले सुमारे २ लाख २० हजार फटके. या कॅमेऱ्यांमुळे चेंडू बॅटवरून किती वेगाने आणि कुठल्या कोनात सुटला हे कळतं. मग एकाच वेगाने, एकाच कोनात सुटलेल्या फटक्यांची तुलना करायची, थंड दिवशीची आणि गरम दिवशीची. असं केलं की “उन्हाळ्यात बॅटर फॉर्मात असतात” किंवा “पिचर दमतात” या शंका बाजूला पडतात.

उत्तर काय आलं? तापमानवाढीमुळे २०१० ते २०१९ या काळात ५०० हून थोडे जास्त होम रन झाले. मथळ्यांमध्ये हा आकडा गाजला. पण त्या काळातल्या एकूण होम रनच्या मानाने हे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. म्हणजे परिणाम खरा आहे, मोजता येतो आणि लहान आहे. तापमान वाढत राहिलं तर तो वाढेल, आणि उघड्या, दुपारच्या सामन्यांच्या रिग्ली फील्डवर सर्वात जास्त वाढेल, असा त्यांचा अंदाज. छप्पर असलेल्या मैदानावर जवळजवळ काहीच फरक पडणार नाही.

मग सामने रात्री का नाही खेळवत? यासाठी १९८० च्या दशकातली रिग्लीच्या शेजाऱ्यांची चळवळ आठवावी लागते. दिवे नकोत म्हणून त्यांनी संघटना काढली, सिटिझन्स युनायटेड फॉर बेसबॉल इन सनशाइन. आद्याक्षरं जुळवलीत तर कब्स! रात्री उशिरापर्यंत गर्दी, गोंगाट, दारासमोर परक्यांच्या गाड्या हे त्यांना नको होतं. शेवटी ८ ऑगस्ट १९८८ ला दिवे लागले. पावसाने तो सामना धुऊन नेला, आणि पहिला पूर्ण रात्रीचा सामना दुसऱ्या दिवशी झाला. पण रात्रीच्या सामन्यांची संख्या शहराच्या नियमाने बांधून दिली. प्रेक्षकांचं ऊन कमी करायचं तर त्याची किंमत शेजाऱ्यांच्या झोपेतून जाते. उष्णतेवरचे बहुतेक उपाय असेच असतात, कुणाच्या तरी खात्यात खर्च पडतोच.

पिचर का चिडतो?

चेंडूचा प्रश्न भौतिकशास्त्राचा होता. माणसाचा त्याहून अवघड.

गरम दिवशी बॅटरच्या अंगाला चेंडू जास्त वेळा लागतो, हे १९९१ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. पण शंका साहजिक आहे: घामाने हात निसटत असेल. २०११ साली रिचर्ड लॅरिक आणि सहकाऱ्यांनी १९५२ पासूनचे ५७,२९३ सामने तपासले. पिचरचा नेम ढळल्याच्या इतर खुणा हिशेबात घेतल्या, आणि मग एक साधा प्रश्न विचारला: आधी काय घडलं होतं?

जर प्रतिस्पर्ध्याने आपल्या गड्याला चेंडू मारलेला असेल, तर गरम दिवशी पिचरने परतफेड करण्याची शक्यता वाढत होती. तसं काही घडलेलं नसेल, तर तापमान वाढूनही फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे उष्णतेने भांडण उकरून काढलं नाही. आधीच असलेल्या रागाला तिने हवा दिली.

ही गोष्ट मला चेंडूच्या दोन मीटरपेक्षा फार मोलाची वाटते. चेंडूवर उष्णता एकटी काम करते. माणसांवर ती एकटी काम करत नाही. तिला जोडीदार लागतो.

आणि वस्तीत?

आता मैदानाबाहेर येऊ, कारण इथे प्रश्न होम रनचा राहत नाही.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली. १३ तारखेला तापमान ४१ अंशांपर्यंत गेलं. “४१? आमच्या नागपुरात मे महिन्यात ४५ असतं!” असं तुम्ही म्हणाल. पण शिकागोच्या हवेत तेव्हा प्रचंड दमटपणा होता, विटांच्या इमारती रात्रीही निवत नव्हत्या, आणि शरीरांना, घरांना, दिनक्रमाला अशा उन्हाची सवय नव्हती. १४ ते २० जुलै या आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली.

“नेहमीपेक्षा जास्त” हे शब्द नीट वाचा. उष्णता मृत्यूच्या दाखल्यावर क्वचितच येते. तिथे हृदयविकार लिहिलेलं असतं. म्हणून एरवीच्या आठवड्यात किती मृत्यू होतात ते धरून वरचे मोजावे लागतात. तेव्हाचे महापौर रिचर्ड डेली यांनी मृतांच्या आकड्यांवर जाहीर शंका घेतली होती. मोजण्याची पद्धत हा त्या आठवड्यात राजकीय वाद झाला होता.

पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अभ्यासात मृतांची तुलना त्याच भागात जगलेल्या लोकांशी केली. जास्त धोका कुणाला? आजारी, अंथरुणाला खिळलेल्या, एकट्या राहणाऱ्या, रोज घराबाहेर न पडणाऱ्या, सर्वात वरच्या मजल्यावरच्या माणसांना. वाचवलं कशाने? चालू स्थितीतल्या एसीने, जाण्यायेण्याच्या सोयीने आणि माणसांच्या ओळखीपाळखीने.

समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी २००२ च्या ‘हीट वेव्ह’ या पुस्तकात दोन शेजारच्या वस्त्या समोरासमोर ठेवल्या. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल, म्हणजे लिटल व्हिलेज. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे, आणि हवा तर एकच. नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० मृत्यू. लिटल व्हिलेजमध्ये लाखामागे ४.

दहापट फरक कुठून आला? क्लायनेनबर्ग सांगतात तो रस्त्यांतून. नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने गेले, दुकानं बंद झाली, लोक सोडून गेले, मोकळे प्लॉट ओस पडले. म्हातारी माणसं भीतीने दार लावून बसली. लिटल व्हिलेजमध्ये २६ व्या रस्त्यावर दुकानं, गर्दी, वर्दळ. म्हातारी माणसं एरवीही भाजीला, गप्पांना बाहेर पडायची, तशी त्या दिवसांतही पडली आणि दुकानांच्या गारव्यात टेकली.

या निष्कर्षावर आक्षेप आहेत, आणि ते योग्यच आहेत. दोन वस्त्यांची तुलना म्हणजे ५७ हजार सामने नव्हेत. साउथ लॉनडेलची लोकसंख्या तरुण आणि मुख्यतः मेक्सिकन वंशाची, नॉर्थची मुख्यतः कृष्णवर्णीय. वंशभेदाचा इतिहास दोघांच्या वाट्याला सारखा आला नाही. सगळे घटक वेगळे काढणं इथे जमत नाही. पण वैद्यकीय अभ्यास वेगळ्या वाटेने जवळपास त्याच ठिकाणी पोचतो, म्हणून मी या निष्कर्षाला वजन देते.

हाती काय लागलं?

बेसबॉलचे चाहते उन्हाळ्यात कमी मरतात, असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि मीही म्हणत नाहीये. माझा मुद्दा मोजणीचा आहे. मैदानात चेंडूचा कोन अंशांमध्ये टिपला जातो, म्हणून आपण तापमानवाढीचा १ टक्का शोधू शकतो. तिसऱ्या मजल्यावर किती जणांचं दार दोन दिवस उघडलं नाही, याची नोंद १९९५ मध्ये कुणी ठेवत नव्हतं.

नंतर शिकागोने धडा घेतला. १९९९ साली पुन्हा लाट आली तेव्हा एकट्या वृद्धांना फोन झाले, काहींच्या घरी माणसं पाठवली, थंड जागा उघडल्या. मृत्यू झाले, पण १९९५ पेक्षा बरेच कमी. या उपायांत हवामान बदलणारं काही नव्हतं. उष्णतेचा जोडीदार, म्हणजे एकटेपणा, तेवढा थोडा दूर केला.

म्हणून यापुढे “उष्णतेने अमुक झालं” अशी बातमी वाचलीत, तर आकडा पाहून थांबू नका. दोन प्रश्न विचारा. हा आकडा कशाशी तुलना करून काढला? आणि उष्णतेबरोबर तिथे आणखी काय होतं? वारा, राग, की बंद दार?

पुढच्या लेखात रात्रीच्या तापमानाबद्दल लिहीन. लाटेत दुपारच्या आकड्याचीच चर्चा होते, पण रात्र निवली नाही तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. तोवर उन्हाळा असेल तर एक करा: तुमच्या इमारतीत सर्वात वरच्या मजल्यावर कोण राहतं, ते माहीत करून घ्या.