फाटक, चढ आणि आईचा एक प्रश्न

गेल्या मार्चमधली गोष्ट. माझी चार वर्षांची लेक इरा आमच्या ड्राइव्हवेवर चेंडू खेळत होती. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता. चेंडू घरंगळत रस्त्यावर गेला आणि त्याच्यामागे इराही. समोरून येणाऱ्या व्हॅनने करकचून ब्रेक मारला. इराला काही झालं नाही, पण वाईहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे रेडिंगला आलेल्या आईने दारातून सगळं पाहिलं. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "आधी फाटक लावून घ्या. बाकी सगळं नंतर."

वाईच्या आमच्या घराला दोन झडपांचं लोखंडी फाटक होतं. आम्ही भावंडं त्याला लोंबकळून झोके घ्यायचो आणि आईचा ओरडा खायचो. मला तसंच फाटक हवं होतं, फक्त रिमोटवर उघडणारं. भर पावसात, मागच्या सीटवर मूल झोपलेलं असताना गाडीतून उतरून कोण फाटक उघडणार? आणि कंटाळा करून ते उघडंच ठेवलं, तर लावून उपयोग काय?

पण आवड एकीकडे आणि जमीन एकीकडे. आमच्या ड्राइव्हवेची रुंदी साडेतीन मीटर, म्हणजे एक झडप पावणेदोन मीटरची. घराकडे येताना जमीन दर मीटरला साधारण 10 सेंटिमीटर चढते. झडप आत उघडली की तिचं टोक जिथे येतं, तिथली जमीन 17-18 सेंटिमीटर उंच. म्हणजे फाटकाखाली तेवढी फट ठेवायला हवी. चेंडू पुन्हा रस्त्यावर जायला तेवढी जागा पुरे! मग बाहेर उघडावं म्हटलं, तर झडपा फुटपाथवर येणार. रस्त्यावर बाहेरच्या बाजूला उघडणारं फाटक इथल्या 1980च्या हायवेज ॲक्टला सहसा चालत नाही.

उरलं सरकतं फाटक. त्याला चढाची अडचण नाही, पण बाजूला सरकायला जागा लागते. त्यात दोन प्रकार. एक जमिनीतल्या रुळावर चालणारं, दुसरं रुळाशिवाय अधांतरी सरकणारं. अधांतरी प्रकारात तोल सांभाळायला फाटकाचा जादा भाग मागे ठेवावा लागतो, त्यामुळे रुंदीच्या साधारण दीडपट, म्हणजे सव्वापाच मीटर जागा हवी. आमच्याकडे भिंतीलगत होती साडेचार मीटर. म्हणून रुळावरचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानगळ सुरू झाली की रूळ झाडून काढायचा, एवढी कटकट पदरात घ्यायची.

सगळं ठरत आलं आणि नवऱ्याने एका रात्री लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. 2010च्या उन्हाळ्यात, एका आठवड्याच्या आत, मँचेस्टर आणि ब्रिजेंड इथे पाच-सहा वर्षांच्या दोन मुली विजेवर चालणाऱ्या फाटकांत चिरडून दगावल्या होत्या. दोन्ही फाटकं सरकती. "लेकीला वाचवायला म्हणून आपण हे दारात आणायचं?" तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फाटक बसवणारा पहिला माणूस आला. स्वस्त होता, बोलायला गोड. आईने मला भाषांतर करायला लावून विचारलं, "मधे मूल उभं असेल तर हे थांबतं का?" तो हसून म्हणाला, "सेन्सर हवे असतील तर त्याचे पैसे वेगळे." आईने चहाचा कप त्याच्यापुढून उचलला नाही इतकंच.

दुसरा आला त्याने किमतीआधी धोके सांगितले. झडपांच्या फाटकात बिजागरीच्या बाजूला बोटं चिरडतात, झडप आणि भिंत यांच्यामध्ये माणूस अडकू शकतो. सरकत्या फाटकात बंद होणारी कड आणि खांब यांच्यामध्ये शरीर सापडतं, गजांतून घातलेला हात खांबाशी कापला जातो. "प्रकार कुठलाही घ्या, उपाय सगळे करावेच लागतात," तो म्हणाला. कडेला दाब ओळखणारी रबरी पट्टी, आडवं कुणी आलं तर थांबवणारे फोटोसेल, गजांवर बारीक जाळी. शेवटी यंत्र लावून धक्क्याचा जोर मोजायचा. कडेपाशी तो 400 न्यूटनच्या वर जाता कामा नये आणि पाऊण सेकंदात 150च्या आत यायला हवा. 400 न्यूटन म्हणजे साधारण 40 किलो वजनाचा भार. वीज गेली तर किल्लीने मोटर सोडवून फाटक हाताने ढकलता यायला हवं, हेही त्यानेच सांगितलं.

आम्ही त्यालाच काम दिलं. उंची एक मीटरच ठेवली, कारण रस्त्यालगत त्याहून उंच फाटकाला प्लॅनिंग परमिशन लागते. पाय ठेवून चढता येऊ नये म्हणून आडव्या पट्ट्या टाळल्या.

बसवून झाल्यावर त्याने यंत्र लावून आकडे दाखवले. आईला आकड्यांवर भरवसा नव्हता. ती आत जाऊन इराचा तोच चेंडू घेऊन आली आणि खुणेने सांगितलं, हा मधे धरा. त्याने काठीने चेंडू खांबाशी धरला. कड टेकली, चेंडू जरासा चेपला आणि फाटक मागे सरकलं. आईने तीनदा करून घेतलं. मग त्याला चहा आणि चकली दिली.

परवा नाशिकहून काकांचा फोन आला. बंगल्याला रिमोटचं फाटक बसवतायत, सरकतं घेऊ की झडपांचं, विचारत होते. म्हटलं, ते तुमची जमीनच सांगेल. आत चढ आहे का आणि बाजूला किती जागा आहे, ते आधी मोजा. वीज गेल्यावर हाताने कसं उघडायचं, ते घरातल्या प्रत्येकाला शिकवा. आणि बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी आईचा प्रश्न विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका, चेंडू धरून बघा.