बरणीचा दिवा

वेंगुर्ल्याच्या बंदरापासून थोड्या अंतरावर डच वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. 1637 साली डच ईस्ट इंडिया कंपनीने इथे ठाणे मांडले, ते मुख्यतः शेजारच्या पोर्तुगीज गोव्यावर नजर ठेवण्यासाठी. त्याआधी 1603 मध्ये डच जहाजांनी सिंगापूरजवळ मकाऊहून निघालेले पोर्तुगीज जहाज ‘सांता कातारिना’ पकडले. त्यातली चिनी मातीची भांडी पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये लिलावात विकली गेली आणि युरोपातल्या श्रीमंत घरांना निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे वेड लागले. आज दिवाणखान्यात दिसणाऱ्या चिनी बरणीच्या दिव्यामागे हे वेड आहे.

ही बरणी मूळची चीनमधल्या जिंगदेझेनची. तिथे केओलिन माती आणि एक विशिष्ट दगडाची पूड एकत्र मळून भांडे घडवत. कच्च्या भांड्यावर कोबाल्टने चित्र काढायचे, वर झिलई द्यायची आणि सुमारे 1300 अंशांच्या आचेत सगळे एकदाच भाजायचे. झिलईखाली असल्यामुळे चित्राचा निळा रंग शतकानुशतके टिकतो. रुंद खांदे, आखूड मान आणि घुमटाकार झाकण असलेली बरणी आल्यासारखे जिन्नस ठेवायला वापरत. युरोपात मात्र ती शोभेची झाली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या कारागिरांनी अशा भांड्यांत तेलाच्या दिव्यांची यंत्रणा बसवली. वीज आल्यावर तेलाच्या जागी तार आली. बरणीचा आकार दिव्याला सोयीचाच होता: खाली वजन, वर निमुळते तोंड, आत पोकळ.

आपल्या घरांतली बरणी वेगळी. खांद्यापर्यंत तपकिरी, खाली फिकट, जाड अंगाची. ती पोर्सिलेनची नसून दगडी भाजणीची असते. गुजरातेत थानगढला या उद्योगाची घडी बसवणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी नाव आहे. मालवण-कुडाळच्या माजघरात अशा बरण्यांत खारातले आंबे, लोणचे, आमसुले राहतात, तोंडाला दादरा बांधलेला असतो. प्लास्टिकचे डबे आल्यावर त्यांतल्या कितीतरी पोटमाळ्यावर गेल्या. दिव्याला या बरण्याही तितक्याच साजतात.

पण दिवा करताना एक पथ्य पाळायलाच हवे: बरणीच्या तळाला भोक पाडू नये. जुन्या चिनी बरण्यांना तार काढण्यासाठी भोके पाडली गेली, त्यात मोल गेले आणि तडेही गेले. त्याऐवजी तोंडावर नेमकी बसणारी टोपी करावी. तिच्या मधोमध होल्डर आणि बाजूने तार घ्यावी. तार बाहेरून दिसेल, पण बरणी शाबूत राहील.

किनाऱ्यावर खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते, म्हणून टोपी आणि होल्डर पितळी असावेत. धातूच्या दिव्याला अर्थिंगची तार आणि तीन पिनांचा प्लग हवा. एलईडी दिवा कमी तापतो, त्यामुळे कापडी छत्री सुरक्षित राहते. छत्रीचा खालचा घेर बरणीच्या सर्वांत फुगीर भागापेक्षा रुंद असावा, नाहीतर दिवा डोक्याकडे अपुरा दिसतो.

बरणीखाली लाकडी बैठक ठेवण्याची चिनी पद्धत आहे. ती बैठक घडवणारे हात सिंधुदुर्गातच आहेत. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळे बनतात. गंजिफांच्या पत्त्यांचे लाखकामही याच गावाने जपले. विसाव्या शतकात राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती कला पुन्हा उभी केली. तिथल्या कारागिराने रंगवलेली बैठक, पोटमाळ्यावरची बरणी आणि पितळी टोपी एकत्र आली, तर या जिल्ह्याचा स्वतःचा दिवा तयार होईल. बाजारातली नक्कल विकत घेण्यापेक्षा हे मोलाचे आहे, कारण यात कारागिराला काम मिळते आणि घरची वस्तूही वाचते. शिवाय उद्या कुणाला पुन्हा लोणचे घालावेसे वाटले, तर टोपी उचलून ठेवली आणि बरणी नीट धुतली की झाले.