परांची कधी सोडवायची?

जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. दीडशेहून अधिक वर्षांनी, नांदेड-लातूरकडच्या वाड्यातांड्यांवरून माझ्या वर्गात येणारी पोरे पाठ केलेला निबंध घडाघडा लिहितात. ‘आपल्या वस्तीतल्या पाण्याविषयी लिहा’ म्हटले की पेन थांबते. याचे मूळ सहावी-सातवीत आहे. गुरुजी फळ्यावर लिहितात, मुले उतरवून घेतात. आधार मिळतो, पण तो कधी काढलाच जात नाही.

वुड, ब्रूनर व रॉस यांनी १९७६ मध्ये अशा आधाराला परांचीची उपमा दिली. (दुसऱ्यांच्या माड्यांसाठी आमच्या बापांनी परांच्या पुष्कळ बांधल्या!) भिंत उभी राहिली की परांची सोडवावी लागते. आधी गुरुजींनी मुलांदेखत, मोठ्याने विचार करीत, खाडाखोड करीत चार ओळी लिहाव्यात. मग वर्गाने सांगावे, त्यांनी लिहावे. नंतर जोडीने, शेवटी एकेकट्याने. कुणी ‘माय पानी आणायली’ असे लिहिले, तर पहिल्या खर्ड्यावर लाल शाई नको. घरची बोली खोडली की मूल पुन्हा गाईडकडे वळते. प्रमाणभाषा दुसऱ्या खर्ड्यात शिकवता येते. ती शिकवलीच पाहिजे.

साठ मुलांच्या वर्गात हे रोज होणार नाही. पंधरवड्यातून एकदा होईल, आणि वस्तीवरच्या अभ्यासिकेत तर आपले कार्यकर्तेही करू शकतील.